औवाहीचं कुंपण: मौई बेटावरचं गुरांचं रान आणि दहा एकरांचं जंगल

हवाईतल्या मौई बेटावर उलुपलाकुआ नावाचं गुरांचं रँच आहे, सुमारे १८ हजार एकरांचं. १९९७ साली या रँचने औवाही भागातले १० एकर तारेचं कुंपण घालून गुरांना बंद केले. अठरा हजारांत दहा म्हणजे मालकाला जाणवूही नये एवढी जागा. तरीही बेटांवरच्या जमिनीची काळजी हा विषय निघाला की या दहा एकरांचं नाव येतंच. ज्या धंद्याने जंगल संपवलं, त्याच धंद्याच्या जमिनीवर आणि मालकाच्या संमतीने ते पुन्हा उभं करता आलं का, याचा हा दाखला आहे. उत्तर सरळ नाही.

आधी जागा समजून घेऊ. मौईच्या पूर्व भागात हालेआकाला हा ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे त्याच्या वाऱ्याकडच्या उतारावर पाऊस ओततात आणि पलीकडे पोचेपर्यंत रिकामे होतात. सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटाव जसे तहानलेले राहतात, तशी हालेआकालाची नैर्ऋत्य बाजू पावसाच्या सावलीत पडते. औवाही त्याच बाजूला, समुद्रसपाटीपासून हजारएक मीटर उंचीवर, लाव्हाच्या खडबडीत दगडांवर आहे. खाली मकेनाचा किनारा दिसतो. तिथल्या किनाऱ्याकडची रँचची जमीन १९७० च्या दशकात रिसॉर्टवाल्यांकडे गेली.

गुरं आली आणि मोकाट सुटली

हवाई बेटांवर माणूस पोचण्याआधी जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच होता: वटवाघूळ. चरणारं जनावर नव्हतंच, त्यामुळे इथल्या झाडाझुडपांनी काटे, कडवट रस वगैरे संरक्षणाची हत्यारं फारशी बाळगलीच नाहीत. अशा ठिकाणी १७९३ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूवर कॅलिफोर्नियातून गुरं घेऊन आला आणि त्याने ती राजा कामेहामेहाला भेट दिली. पुढच्या वर्षी आणखी आणली. गुरं वाढावीत म्हणून त्यांना मारायला दहा वर्षांची बंदी घातली गेली.

गुरं वाढली, आणि मग कुणाच्या हातात राहिली नाहीत. मोठमोठ्या शिंगांची ही रानटी जनावरं लोकांच्या शेतात घुसत, गवताने शाकारलेल्या घरांची नासधूस करत, माणसांच्या अंगावर येत. गावोगावी दगडी गडगे बांधावे लागले. १८३० च्या दशकात राजाने कॅलिफोर्नियातून, म्हणजे तेव्हाच्या मेक्सिकोच्या मुलखातून, घोडेस्वार गुराखी बोलावले. त्यांनी हवाईच्या लोकांना घोड्यावरून फास टाकून जनावर धरायला शिकवलं. त्यातून तयार झालेले गुराखी म्हणजे पानिओलो. अमेरिकेच्या पश्चिमेचा काऊबॉय सिनेमात घोड्यावर बसला त्याच्या कितीतरी आधी, अगदी त्याच्या मूळ धंद्याच्या भरभराटीच्याही आधी, पानिओलो घोड्यावर होता.

उलुपलाकुआचा या वारशाशी थेट संबंध आहे. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या शायेनच्या मोठ्या रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांत, फास टाकून बैल पाडण्याची जागतिक स्पर्धा इकुआ पर्डी या हवाईच्या गुराख्याने ५६ सेकंदांत जिंकली, आणि तीही तिथेच मिळवलेल्या परक्या घोड्यावर बसून. पर्डी मूळचा वाइमेआचा, पण नंतर उलुपलाकुआला मुख्य गुराखी म्हणून आला आणि १९४५ मध्ये वारला तो याच रँचवर. त्याचं दफनही तिथेच झालं.

त्या काळी जनावर विकायचं म्हणजे काय काम होतं, ते मकेनाच्या किनाऱ्यावर दिसायचं. पानिओलो गुरांचा कळप डोंगरावरून हाकत समुद्रापर्यंत आणत. मग एकेक बैल फासात धरून घोड्यासकट लाटांत शिरायचं, घोडा पोहायला लागेपर्यंत. पुढे होडी उभी असे. बैलाचं डोकं होडीच्या काठाला बांधायचं, तसंच दुसरं, तिसरं, आणि दोन्ही बाजूंना गुरं लटकवलेली होडी वल्हवत खोल पाण्यातल्या आगबोटीपर्यंत न्यायची. तिथे पोटाखालून पट्टा घालून बैल वर ओढून घेत. बुडाले ते बुडाले. आज बेटावरची वासरं खास कंटेनरात घालून जहाजाने अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पुष्ट करायला जातात, आणि हवाईत खाल्लं जाणारं बहुतेक बीफ मात्र बाहेरून येतं. बेटावर गवत आहे, पण जनावर शेवटपर्यंत पोसायला स्वस्त चारा-धान्य नाही आणि कत्तलखान्यांची क्षमता अपुरी आहे. हा तिढा जुनाच आहे. रँच टिकवायचं असेल तर गुरांखेरीज आणखी कशाचा तरी आधार लागतो, हे इथून लक्षात ठेवलेलं बरं.

कोरड्या बाजूला कुंपण कुणी घातलं नाही

जंगल जातंय हे हवाईत उशिरा कळलं असं म्हणता येत नाही. १९०३ मध्येच तिथे राखीव वनांचा कायदा झाला, आणि त्यामागे सर्वांत मोठा जोर होता उसाच्या मळेवाल्यांचा. गुरांनी डोंगरावरचं रान खाल्लं की ओढे आटतात आणि उसाला पाणी मिळत नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं. म्हणून पावसाच्या बाजूची ओली जंगलं राखीव झाली, तिथली मोकाट गुरं मारली किंवा हाकलली गेली आणि कुंपणं उभी राहिली.

कोरड्या बाजूच्या जंगलातून कुणाच्याच पाटाला पाणी मिळत नव्हतं. ते गुरांना राहिलं. हवाईचं कोरडं जंगल नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झालं, त्यामागे आग, बकऱ्या, शेतीसाठीची तोड अशी कारणं आहेत. पण मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते हेच, की संरक्षणाचा खर्च ज्या जंगलातून वसूल होणार होता तेवढंच वाचवलं गेलं.

औवाही मुळात किती श्रीमंत होतं याची लेखी साक्ष आहे. जोसेफ रॉक या व्हिएन्नात जन्मलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये हवाईच्या वृक्षांवर मोठा ग्रंथ छापला. त्यात त्याने औवाहीची गणना साऱ्या हवाईतल्या सर्वांत समृद्ध वनस्पती-प्रदेशांत केली. जवळजवळ ५० जातींचे स्थानिक वृक्ष या एका पट्ट्यात आढळतात. ओलोपुआचं लाकूड इतकं कठीण की हवाईचे लोक त्याचे दांडे दगडी तासणीला बसवत. हालापेपे आहे, पतंगांना पोसणारा आइएआ आहे, आणि इलिआही म्हणजे आपल्या चंदनाच्या कुळातलं झाड आहे, जे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजं भरभरून चीनला गेलं. आआलिई नावाचं झुडूप तर आपल्या चांगल्या ओळखीचं. डोडोनिया म्हणून आपल्याकडे बागांच्या कडेला कुंपणासाठी लावतात, तीच ही वनस्पती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर चराईसाठी किकुयू गवत पसरवलं गेलं. हे मूळचं पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं, आडवं पसरणारं, गुरांना आवडणारं आणि पायाखाली तुडवलं तरी न मरणारं. पशुपालकाच्या दृष्टीने सोन्यासारखं. जंगलाच्या दृष्टीने मात्र त्याने दार लावून घेतलं. जाडजूड गादीसारखा थर जमिनीवर बसला, आणि झाडाचं बी पडलं तरी मातीपर्यंत पोचेना. पोचून रुजलंच तर कोवळा कोंब गुरं खायची, बी उंदीर फस्त करायचे. म्हातारे ओलोपुआ उभे होते, फुलत होते, फळत होते, पण त्यांच्याखाली एकही रोप नव्हतं. लांबून पाहणाऱ्याला ते जंगलच वाटायचं.

गुरं काढली म्हणजे जंगल आलं, असं होत नाही

महाराष्ट्रात आपण पाणलोटाच्या कामात एक मंत्र ऐकत आलो: कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार इथे चराई थांबवली की गवत आलं, मग झुडपं, मग झाडं. हे आपल्या मातीत घडतं, कारण जमिनीत स्थानिक बियाणं शिल्लक असतं आणि आपली झाडं हजारो वर्षं गुरं-हरणांच्या तोंडाखाली वाढलेली असतात. औवाहीत हाच मंत्र उलटा पडला असता. गुरं बाहेर गेली की किकुयूला कापणारं कुणी उरत नाही, गवत आणखी माजतं, वाळतं आणि एका ठिणगीची वाट पाहत पडतं. एकाच जनावराने जंगल संपवलं होतं आणि आता तेच गवत आटोक्यात ठेवत होतं.

आर्ट मेडेरोस हे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. औवाहीचं काम त्यांनी उभं केलं. त्यांनी ठरवलेला क्रम साधा दिसतो, करताना हाडं दुखवणारा आहे. आधी कुंपण. मग आतल्या किकुयूवर तणनाशक. मेलेलं गवत उपटायचं नाही, तसंच आच्छादन म्हणून राहू द्यायचं, म्हणजे माती वाहत नाही आणि ओल टिकते. मग त्या मेलेल्या थराला भोक पाडून, खाली दगड लागला तर टिकावाने उकरून, लाव्हाच्या फटीत रोप बसवायचं. आणि पहिलं रोप दुर्मीळ वृक्षाचं नाही, तर आआलिईचं, दाटीवाटीने. हे झुडूप भराभर वाढतं, काही वर्षांत जमिनीवर सावली धरतं, आणि किकुयूला सावली सोसत नाही. एकदा तो पडदा तयार झाला की त्याच्या आडोशाला वृक्षांची रोपं लावायची.

या क्रमातला तणनाशकाचा भाग अनेकांना खटकतो, आणि खटकायला हवा. पण इतक्या एकरांवर हे गवत हाताने काढणं अशक्य होतं, आणि काढलं असतं तर उघडी पडलेली माती पहिल्याच मोठ्या पावसात गेली असती. फवारा सुरुवातीला जोरात आणि नंतर फक्त जिथे गवत डोकं काढेल तिथे, हा तोडगा मला पटतो.

लावणी मुख्यतः स्वयंसेवकांनी केली. बेटावरच्या शाळा, हवाईचे पारंपरिक गट, सुट्टीवर आलेली माणसं रँचच्या खडखडाटी रस्त्यावरून गाडीने वर जात आणि दिवसभर खड्डे खणत. आपल्याकडच्या श्रमदानासारखंच हे, फक्त बारा महिने आणि वर्षानुवर्षं चाललेलं. या मजुरीची किंमत बाजारभावाने लावली, तर दहा एकरांचा खर्च कुठल्याच वनखात्याला मान्य होणार नाही. या प्रकरणाची फक्त स्तुती करणारे हा आकडा सहसा गाळतात.

निकाल मात्र मोजून पाहिलेला आहे. २०१४ मध्ये मेडेरोस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कुंपणाच्या आत स्थानिक झुडपांनी व्यापलेली जमीन सुमारे ३ टक्क्यांवरून ८० च्या पुढे गेली, आणि परक्या गवताचं प्रमाण ७५ वरून ३ टक्क्यांच्या आसपास आलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही स्थानिक वृक्षांची रोपं कुणी न लावता आपोआप उगवू लागली. सगळ्याच जातींची नाही. ज्यांची फळं खाऊन बी पसरवणारे पक्षी आता उरलेच नाहीत, त्या झाडांना माणसाच्या हाताची गरज किती काळ राहील, सांगता येत नाही. मातीबद्दलचा अभ्यास २०१२ मध्ये आला: झाडं लावलेल्या भागात पाणी मुरण्याची क्षमता शेजारच्या गवताळ रानापेक्षा जास्त निघाली. पशुपालकाला पटणारा युक्तिवाद हाच. पुढे कुंपणं वाढत गेली आणि काम सुमारे दोनशे एकरांपर्यंत पोचलं. २००३ पासून हालेआकालाच्या कोरड्या बाजूच्या जमीनमालकांनी एकत्र येऊन पाणलोट-भागीदारीही सुरू केली, आणि त्यात वरच्या पट्ट्यात कोआ हा स्थानिक वृक्ष परत आणण्यावर भर आहे.

रँच टिकलं नसतं तर

इथे थांबून एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते. हे सगळं घडलं कारण जमीन एका हातात, सलग, अठरा हजार एकर होती. १९६३ पासून ती अर्डमन कुटुंबाकडे आहे. तुकडे पडले असते तर खाली मकेनाला आणि शेजारी वाइलेआला जे झालं तेच वर झालं असतं: बंगले, गोल्फ मैदानं, समुद्र दिसतो म्हणून भाव. २००९ मध्ये रँचने ११ हजारांहून अधिक एकरांवरचा बांधकामाचा हक्क मौईच्या एका भूसंवर्धन न्यासाशी करार करून कायमचा सोडून दिला. जमीन कुटुंबाचीच, चराईही चालू, पण पुढचा वारस किंवा उद्याचा खरेदीदार, कुणालाही तिचे प्लॉट पाडता येणार नाहीत. आपल्याकडे वडिलोपार्जित जमिनीचे तुकडे पडताना पाहणाऱ्याला या कराराचं मोल वेगळं सांगायला नको.

पण ही सलग जमीन आली कुठून, हेही विचारलं पाहिजे. १८४८ च्या जमीनवाटपाने हवाईत खाजगी मालकी आली. राजा, सरदार आणि सरकार यांच्यात जमीन वाटली गेली, आणि सामान्य रयतेच्या वाट्याला एक टक्क्याहूनही कमी आली. मोठी रँच त्यानंतरच शक्य झाली. औवाहीच्या शेजारचा काहिकिनुई हा पट्टा १९२१ च्या कायद्याने मूळ हवाईयन लोकांच्या वस्तीसाठी राखलेल्या जमिनींत मोडतो, पण तोही दीर्घकाळ चराईसाठी भाड्याने दिलेला होता. त्यामुळे रँचमालकाला ‘भूमीचा रक्षक’ म्हटलं की तिथल्या अनेकांच्या कपाळाला आठी पडते. रक्षणाचा मान मिळायला आधी जमीन हाती असावी लागते. मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: रँचने जंगल वाचवायला जागा दिली, आणि ती जागा त्यांच्याकडे असणं हा एका मोठ्या अन्यायाचा परिणाम आहे.

पैशांची बाजू सांभाळायला रँचने पवनचक्क्यांनाही जागा दिली. २०१२ च्या अखेरीस इथे आठ पवनचक्क्या फिरू लागल्या, एकूण क्षमता २१ मेगावॅट. मग प्रश्न आला तो बेटाच्या मूळच्या रहिवाशाचा. पात्यांना धडकून वटवाघळं मेली, परवान्यात धरलेल्या संख्येपेक्षा जास्त, आणि परवाना सुधारून घ्यावा लागला. भरपाई म्हणून कंपनीने रँचवरच अधिवास सुधारण्याची कामं हाती घेतली, आइएआवर वाढणाऱ्या दुर्मीळ ब्लॅकबर्न पतंगासाठीही. म्हणजे एका हाताने नुकसान आणि दुसऱ्या हाताने झाडं. हा हिशेब मला अजून जुळलेला दिसत नाही.

आता चितळ

सध्या औवाहीची आणि साऱ्या मौईची डोकेदुखी गुरांची नाही. ती आपल्या देशातून गेली आहे. १८६८ मध्ये हाँगकाँगमार्गे काही चितळ राजा पाचव्या कामेहामेहाला भेट म्हणून आले आणि मोलोकाई बेटावर सोडले गेले. मौईवर ते १९५९-६० मध्ये शिकारीच्या हौसेसाठी आणले. ताडोबात चितळामागे वाघ असतो, बिबट्या असतो, रानकुत्रे असतात. मौईवर चितळामागे बंदूक सोडून काहीच नाही. अंदमानातही इंग्रजांनी चितळ सोडले आणि तिथेही कोवळी रोपं त्यांच्या तोंडी गेली. मौईवरची संख्या काही वर्षांपूर्वीच्या पाहणीत पन्नास हजारांच्या घरात मोजली गेली. २०२१ मध्ये दुष्काळात चितळांचे कळप गवतासाठी खाली उतरू लागले, तेव्हा राज्यपालांना आणीबाणी जाहीर करावी लागली.

रँचला हा दुहेरी फटका आहे. चितळ गुरांच्या तोंडचा चारा खातात, म्हणून दुष्काळात कळप कमी करावा लागतो, आणि गुरांसाठी घातलेली चार फुटी तार ते सहज उडी मारून ओलांडतात. जंगलाभोवतीचं कुंपण आता आठ फुटी लागतं आणि लाव्हाच्या खडकात त्याचा एकेक खांब रोवणं महाग पडतं. रँचवर चितळांची संघटित शिकार चालते, त्याचं मांस विकलंही जातं, पण जननाचा वेग पाहता शिकार थांबली की दोन-चार वर्षांत पुन्हा तेच.

गवत न चरलं गेलं तर काय होतं, ही दुसरी बाजू ऑगस्ट २०२३ मध्ये साऱ्या जगाने पाहिली. बेटाच्या पश्चिमेला लहाइना शहर जळालं, शंभराहून अधिक माणसं गेली. वीजतारा आणि भयंकर वारा होताच, पण भोवतालच्या जमिनीवर वाळलेल्या परक्या गवताचं रानही होतं. तिथला ऊस १९९९ मध्ये बंद पडला आणि त्या शेतांत नंतर गवताने घर केलं. तेव्हापासून पशुपालक ठासून सांगतात की आमची गुरं काढाल तर हेच गवत बेटभर वाढेल. त्यात स्वार्थ आहे, आणि तथ्यही आहे. चरलेल्या रानात आग लहान ज्वाळांनी सरकते, न चरलेल्या रानात उसळते.

औवाहीच्या कुंपणाबाहेर आजही किकुयू आहे आणि त्यावर गुरं चरतात. आत आआलिईची सावली आहे. मधली तार चार फूट ठेवायची की आठ, आणि प्रत्येक मीटरचा खर्च न्यास, सरकार, पवनचक्कीवाले की रँच यांपैकी कुणी उचलायचा, हा आता खरा प्रश्न आहे.